वापरलेलं रिव्हॉल्व्हर घेताना: आधी कागद, मग काडतूस, मग लोखंड

तुमच्या प्रश्नाचं सार असं. सांगली जिल्ह्यात तुमचं सराफी दुकान आहे, माल घेऊन फिरावं लागतं. बऱ्याच खेपांनंतर जिल्हाधिकारी कार्यालयातून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचा परवाना मिळाला आहे, पण नवीन हत्यार परवडत नाही. समोर दोन पर्याय आहेत. एक, ओळखीतल्या दिवंगत डॉक्टरांचं इंग्लंडमध्ये बनलेलं जुनं वेब्ली अँड स्कॉट .३२, त्यांच्या पत्नी २ लाख ७५ हजार म्हणतात. दुसरं, एका परवानाधारक दुकानात विक्रीला ठेवलेलं आयुधनिर्माणीचं .३२ मार्क ३, १२ वर्षं जुनं, ८५ हजारांना. शेवटी तुम्ही विचारलं आहे, "डॉक्टरांचं रिव्हॉल्व्हर दोन दिवस घरी आणून नीट बघू का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, हे नाही. आणू नका. एका रात्रीसाठीही नाही. परवाना मिळाला म्हणजे कोणतंही हत्यार जवळ बाळगता येतं, असा समज मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ज्या हत्याराचा नंबर तुमच्या परवान्यावर चढला आहे तेवढंच तुमचं. बाकी कोणाचंही तुमच्या घरात सापडलं तर शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ चा भंग होतो. कलम २५ खाली त्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं अशी आहे. आणि मिळालेला परवाना जातो तो वेगळाच.

त्याहून मला काळजी वाटली ती त्या बाईंची. डॉक्टर गेले तेव्हाच त्यांच्या परवान्याचा आधार संपला. ते रिव्हॉल्व्हर आज कपाटात असेल तर त्या स्वतः अडचणीत आहेत, आणि बहुतेक त्यांना ते माहीतही नाही. अशा वेळी वारसांनी हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, त्याची पावती घ्यायची आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाकडे अर्ज करायचा. स्वतः ठेवायचं नसेल तर विकण्यासाठी ठरावीक मुदतीची परवानगी मिळते. उशीर झाला असला तरी स्वतःहून लेखी कळवून जमा करणं हाच सरळ रस्ता आहे. तुम्ही रिव्हॉल्व्हर घ्या किंवा घेऊ नका, एवढं त्यांना जरूर सांगा. सोबत एखादा वकील किंवा गावातला जाणता माणूस द्या. आणि कपाटातलं ते हत्यार घरातल्या कोणीही "रिकामंच आहे" म्हणून हाताळू नये. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल-दुरुस्ती करणारा, होतो, नंतरची २२ वर्षं परवानाधारक दुरुस्तीच्या कार्यशाळेत काढली. रिकामं म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या हत्यारांतून जिवंत काडतूस निघालं, असं तीन वेळा घडलं. तिन्ही हत्यारं गेलेल्या माणसांची होती.

आता कागदांकडे वळू. खासगी मालकाकडून थेट घ्यायचं असेल तर कलम ५ मध्ये वाट आहे. विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं की अमुक हत्यार, अमुक नाव-पत्त्याच्या माणसाला विकतोय. कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे, मगच हत्यार हातात द्यायचं. हे ४५ दिवस लोकांना जाच वाटतात. मला ते बरे वाटतात, कारण घाईने विकणारा माणूस या मुदतीत आपोआप गळतो. पण पहिल्यांदा घेणाऱ्याला माझा सल्ला एकच असतो: व्यवहार दुकानाच्या वहीतून करा. विकणारा आपलं हत्यार विक्रेत्याकडे जमा करतो, विक्रेता त्याच्या नोंदवहीत घेतो, तिथून ते तुमच्या परवान्यावर चढतं. विक्रेता हजारांत कमिशन घेईल, ते द्या. त्या पैशांत तुम्हाला बिल मिळतं, दोन्ही परवान्यांवरच्या नोंदी मिळतात आणि उद्या प्रश्न आला तर उत्तर द्यायला एक दुकान उभं असतं.

तुमच्या परवान्यावर तीन गोष्टी बघून ठेवा. यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय नोंदणीतला तुमचा क्रमांक, पडला आहे ना. हत्यार घेण्याची मुदत कुठवर आहे. आणि क्षेत्र काय लिहिलं आहे, जिल्हा, महाराष्ट्र की संपूर्ण भारत. दुसऱ्या राज्यातून घ्यायचं झालं तर ना हरकत आणि वाहतुकीची परवानगी यांत महिने जातात, म्हणून तिकडचं स्वस्त हत्यार शेवटी स्वस्त पडत नाही. विकणाऱ्याच्या मूळ परवान्याची प्रत मागा आणि त्यावरचा नंबर हत्यारावरच्या नंबराशी ताडा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला, एखादा आकडा तिरका पडलेला दिसला तर तिथूनच मागे फिरा. ओळखखूण पुसलेलं हत्यार बाळगणं हा कलम ८ खाली स्वतंत्र विषय आहे.

समाजमाध्यमांवर "परवानाधारकांसाठी पिस्तूल, कुरिअरने घरपोच" अशा जाहिराती दिसतात. त्यात एक तर पैसे बुडतात, नाहीतर बिहारमधल्या मुंगेरच्या घडणीचं, "मेड इन यूएसए" असं कोरलेलं बेकायदा हत्यार येतं. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट काडतूस. नवखे खरेदीदार याच जागी सर्वांत जास्त पैसा घालवतात. आपल्याकडे सामान्य नागरिकाला बिगर-प्रतिबंधित बोअरचंच हत्यार मिळतं. बोअर म्हणजे नळीचं माप, .३२ सारखा इंचांतला आकडा. .३८० आणि .४५५ ची रिम्ड, म्हणजे बुडाला कड असलेली काडतुसं, तसंच सर्व्हिस, म्हणजे लष्करी ९ एमएम, ही प्रतिबंधित बोअर आहेत. जुन्या लष्करी किंवा पोलीस घराण्यांतून निघणारी कित्येक रिव्हॉल्व्हर याच बोअरची असतात. कितीही देखणं असलं तरी ते तुमच्या परवान्यावर चढणार नाही. उरतं ते मुख्यतः .३२. पण .३२ हा एक आकडा आहे, काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरला लागतं ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. पिस्तुलाला लागतं ते ७.६५ एमएम, त्यालाही लोक .३२ च म्हणतात. जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरांत .३२ स्मिथ अँड वेसन शॉर्ट नावाचा प्रकार असतो, त्याच्या घरात, म्हणजे चक्रातल्या काडतूस बसायच्या भोकात, लाँग काडतूस बसतच नाही. आणि .३२ लाँग कोल्ट हे आणखी वेगळं, बारीक काडतूस. पिस्तुलाचं ७.६५ चं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात कधी कधी सरकतं. सरकलं म्हणून ते त्याचं होत नाही, तो खेळ करायचा नाही.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं, बुडावर केएफ अशी अक्षरं असलेली, हाच आपला रोजचा आधार. तिथे बनतं ते काडतूस ज्या हत्याराला चालतं तेच तुमच्यासाठी परवडणारं. एका बागायतदाराने हौसेने .२५ बोअरचं छोटं, खिशात मावणारं पिस्तूल घेतलं होतं. सुंदर वस्तू होती. वर्षभर काडतुसांच्या शोधात फिरला. जी मिळाली ती महाग आणि किती जुनी याचा पत्ता नाही, दहातली तीन-चार पेटली नाहीत. तेव्हा डॉक्टरांच्या वेब्लीबद्दल पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. नळीवर आणि परवान्यावर नेमकं कोणतं .३२ लिहिलंय, ते विचारा.

आणि जुन्या मालकाची उरलेली काडतुसं "हत्यारासोबत फुकट" म्हणून घेऊ नका. काडतुसांचाही हिशेब परवान्यावर असतो, आणि १५ वर्षं कपाटात पडलेल्या काडतुसावर जीव टांगायचा नसतो. नवीन घ्या, बिल ठेवा, रिकाम्या पुंगळ्याही जपून ठेवा.

मग लोखंड. बघायचं ते दुकानात किंवा कार्यशाळेत, विक्रेत्यासमोर. सोबत एक छोटी बॅटरी आणि एक फिलर गेज न्या. फिलर गेज म्हणजे मोटारसायकलचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो ती पातळ पात्यांची जुडी, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते.

हातात घेतल्यावर चापापासून बोट लांब, नळी भिंतीकडे, आणि उघडून सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटाने तपासायची. विक्रेत्याने तुमच्यासमोर उघडून दाखवलं असलं तरी तुम्ही परत बघायचं. यात कोणाचा अपमान होत नाही. उलट तुम्ही असं केलंत की चांगला विक्रेता तुमच्याशी जास्त मोकळेपणाने बोलतो.

आयुधनिर्माणीचं मार्क ३ आणि जुनी वेब्ली, दोन्ही मधून मोडणारी रिव्हॉल्व्हर आहेत. वरचा खटका दाबला की नळी खाली झुकते आणि पुंगळ्या वर उचलल्या जातात. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने ही रचना मुळात वेब्लीवरूनच घेतली. तेव्हा या जातीचं दुखणं एकाच ठिकाणी असतं, बिजागरीत. बंद करून मूठ घट्ट धरा आणि नळी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून बघा. बोटांना कटकट जाणवली, अगदी केसाइतकी, तरी सावध व्हा. ज्याला पटकन फटकन उघडून मनगटाच्या झटक्याने बंद करायची सवय असते, त्याच्या हत्याराची बिजागरी आणि खटका सैल पडलेले असतात. खटक्याची स्प्रिंग बदलता येते, स्वस्तात. बिजागरी पुन्हा बसवणं महाग आणि बेभरवशाचं असतं. मी अशी कामं केली आहेत, आणि दोन वर्षांनी तीच हत्यारं परत आलेली बघितली आहेत.

त्यानंतर चक्राची वेळ, म्हणजे काडतुसं धरणारं चक्र घोड्याबरोबर वेळेवर जागी येतं का ते. घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा तुकडा. चाचणीची खोटी काडतुसं भरून घोडा अगदी सावकाश, जणू झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण सरकवावं तसा मागे न्या. घोडा पूर्ण चढायच्या आधी किंवा त्याच क्षणी चक्र आपल्या जागी टिक करून बसलं पाहिजे. घोडा चढला आणि चक्र अजून अर्धवट फिरलेलं असेल तर घर आणि नळी एका रेषेत नसतात. गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारच्याच्या डोळ्यात जायला वेळ लागत नाही. सहाही घरांवर हे करा. पाच बरोबर आणि एक चुकीचं, असं बरेचदा निघतं. मग चढवलेल्या घोड्याला अंगठ्याने मागून पुढे रेटा. तो पडला तर ते हत्यार ठेवून द्या, किंमत विचारूच नका.

चक्राचं तोंड आणि नळीचा मागचा भाग यांत फट असते. ०.१० ते ०.२० मिलिमीटरचं पातं जात असेल तर उत्तम. ०.३० चं सहज जात असेल तर चक्र घासलेलं आहे. चक्र पुढे-मागे सरकवूनही बघा, जवळजवळ न हलणारं हवं.

नळीबद्दल मी माझीच एक चूक सांगतो. कार्यशाळेत लागलो त्या पहिल्या वर्षी एक रिव्हॉल्व्हर बघायला आलं. आरशासारखं चकचकीत, मूठ अक्रोडाची नवी. मी नळीतून उजेड बघितला, खाचा स्वच्छ दिसल्या, आणि चांगलं आहे म्हणून सांगितलं. घेणारा महिनाभराने आला, नेम लागत नाही म्हणाला. तेव्हा मी नीट, तिरप्या उजेडात बघितलं. मध्यावर एक काळसर कडं होतं, बांगडीसारखं. पूर्वी कधीतरी कमजोर काडतुसाची गोळी नळीतच अडकली, त्यावर दुसरी झाडली गेली आणि नळी आतून फुगली. चकाकीने मला फसवलं आणि एका माणसाचे पैसे गेले. ते आजही मनाला लागतं. म्हणून सांगतो, नळी सरळ उजेडात बघू नका, बॅटरी तिरपी धरून सावकाश फिरवा आणि सावलीचं कडं शोधा. बाहेरून नळीवर दोन बोटं फिरवा, फुगवटा डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो.

चकाकी ही एरवीही संशयाचीच जागा. निळसर-काळा मुलामा, आम्ही त्याला ब्ल्यूइंग म्हणतो, नवीन आणि गडद दिसतो आहे, पण कोरलेली अक्षरं पुसट आहेत, कडा गोल झाल्यात, म्हणजे गंज घासून काढून वरून रंग चढवलेला आहे. त्यापेक्षा कडांवर मुलामा उडालेलं, म्यानात घासलेलं पण अक्षरं ठसठशीत असलेलं हत्यार मी केव्हाही घेईन. स्क्रूच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर घरी कोणीतरी पेचकस चालवला आहे. आणि विक्रेत्याला विनंती करून मुठीच्या पट्ट्या काढायला लावा. खरा गंज त्यांच्याखाली असतो. निवडणुकीच्या काळात ठाण्यात जमा झालेली हत्यारं महिनोन्महिने तेलाशिवाय पडून असतात, कोकणातली तर पावसाळ्यात अशीच खाल्ली जातात. चामड्याच्या म्यानात ठेवून दिलेलं हत्यारही आतून गंजतं, चामडं ओल धरतं.

पिस्तुलाचा तुमचा विचार दिसत नाही म्हणून थोडक्यात: मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकणारी काडतुसांची डबी, मूळचंच हवं आणि त्याचे ओठ, म्हणजे वरच्या कडा, वाकलेले नकोत. जुन्या विलायती पिस्तुलाचं मॅगझिन हरवलं तर दुसरं मिळवताना पिस्तुलाच्या किमतीची आठवण येते.

आता किंमत. डॉक्टरांच्या वेब्लीचे २ लाख ७५ हजार तुम्हाला जास्त वाटतात, आणि वाटायलाच हवेत. ते लोखंडाचे पैसे नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी हत्यारांची आयात जवळजवळ बंद झाली. तेव्हा देशात जी विलायती हत्यारं होती तीच आजवर हातोहात फिरताहेत. माल तोच, घेणारे वाढले, म्हणून साठ-सत्तर वर्षं जुन्या वेब्लीला, कोल्टला, वॉल्थरला असा भाव येतो. संग्रहाची हौस असेल तर तो भाव रास्त असू शकेल. सोन्याचा माल घेऊन फिरणाऱ्याला मात्र असं हत्यार हवं ज्याची स्प्रिंग मोडली तर मिळेल, घोडा बदलता येईल. शिवाय जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये अडसर नसतो. हातातून फरशीवर पडून घोड्याला मार बसला तर बार होऊ शकतो. ज्यांच्याकडे अशी आहेत त्यांना मी घोड्याखालचं घर रिकामं ठेवायला सांगतो, पाचच काडतुसं.

नव्याशी तुलना करताना कराचा विचार करा. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. आयुधनिर्माणीचं निर्भीक हे रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या प्रबल या रिव्हॉल्व्हरचं चक्र बाजूला उघडतं, म्हणजे बिजागरीचं जुनं दुखणंच नाही, आणि पैसे असते तर मी तुम्हाला त्याकडे बघा म्हटलं असतं. पैसे नाहीत, तर १२ वर्षांचं मार्क ३ हा चांगला पर्याय आहे. शहरी परवानाधारकांकडची अशी रिव्हॉल्व्हर मी पुष्कळ उघडली आहेत. बहुतेकांनी आयुष्यात पन्नास गोळ्याही झाडलेल्या नसतात. त्यांना झीज नसते, आळसाचा गंज असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली, तेव्हाही काही हत्यारं अशीच दुकानांत आली.

तुमच्या जागी मी असतो तर त्या दुकानदाराला म्हणालो असतो: बिजागरी, चक्र, फट आणि नळी स्वतंत्र दुरुस्तीकाराला दाखवू द्या, चाचणीच्या गोळ्या परवानगीच्या जागी झाडून दाखवा, बरोबर निघालं तर ८५ ऐवजी ७५ देतो. दुरुस्तीकाराचे दोन-तीन हजार जातील. चाचणीला नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, आणि मळ्यात जाऊन दोन बार काढून बघू असं म्हणणाऱ्याकडूनही घेऊ नका. हिशेबात अजून दोन खर्च धरा. एक भिंतीला बोल्ट करता येईल अशी लोखंडी पेटी, कारण तुमच्या घरात मुलं आहेत असं तुम्ही लिहिलं आहे; हत्यार एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या. दुसरा खर्च सरावाचा. वर्षातून एकदा तरी रेंजवर जाऊन माहितगाराच्या देखरेखीखाली गोळ्या झाडा. परवान्यासाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेतलंत ते हाताला फार दिवस आठवत नाही.

खरेदीच्या दिवशी एक काम विक्रेत्यावर सोडू नका. माझ्याकडे येणाऱ्या एका शिक्षकांच्या परवान्यावर नंबरातला ३ हा ८ म्हणून चढला होता. नूतनीकरणाच्या वेळी ते उघडकीला आलं आणि सात महिने ते ठाणं, दुकान आणि कार्यालय यांच्यात फिरत राहिले, हत्यार तोवर जमा. तेव्हा विक्रेत्याला हत्यारावरचा नंबर एकेक आकडा करून मोठ्याने वाचायला सांगा, आणि तुम्ही तो बिलावर आणि परवान्यावर बोट ठेवून ताडत जा. मग तुम्ही वाचा, त्याला ताडू द्या. त्यानंतरच सही करा.